भानजी, सुम्या आणि आमचा केरू

केरूला सुम्या हे नाव मी दिलं. त्या नावाबद्दल मला त्याची माफी मागायची आहे, आणि सहा महिने झाले तरी ती माझ्याकडून मागून होत नाही. एरवी बोलण्यात मी कुणाला हार गेलेली नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे दागिने रंगवण्यात माझी बारा वर्षं गेली. तुझा हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं, असं आमचे मालक हैबतदादा मला रोज ऐकवतात. पण या एका माणसासमोर माझी बोबडी वळते. केरू आमच्याकडे मूर्तींचे डोळे आखायचा. आता त्याला दिसत नाही.

केरू खांबचा. पेणहून नागोठणं मागे टाकलं की कोलाडच्या अलीकडे हमरस्त्यावर जे गाव लागतं, ते. घरची भातशेती, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. बाप आणि आई शेतात, आणि हा एकुलता एक मुलगा विसाव्या वर्षी रोज घरून पेणला कामाला यायला लागला. पहिल्या दिवशी दादांनी त्याला एक वीतभर मूर्ती दिली आणि आखणी करायला सांगितलं. दोन तास झाले तरी हा त्याच मूर्तीसमोर. दादा चांगलेच तापून त्याच्याकडे गेले आणि काही न बोलता परत आले. त्या दिवसापासून बारीक ब्रश केरूकडेच राहिला.

आखणी म्हणजे डोळे काढणं. बाहेरच्या माणसाला ते किरकोळ काम वाटतं. पण मूर्ती कितीही सुबक असू दे, दागिने मी कितीही जीव ओतून रंगवू दे, आखणी होईपर्यंत ती मातीच. आधी पांढरा, मग वरच्या पापणीची काळी रेघ, मग बुबुळ, आणि शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका टेकवताना आखणारा श्वास रोखतो. ठिपका पडला की मूर्ती बघायला लागते. मग आम्ही कोणी तरी समोर पाट टाकून बसतो, कारण घरी लोक बसूनच बघणार. बाप्पाची नजर आपल्या नजरेला आली, की नजर बसली म्हणायचं आणि पुढची मूर्ती घ्यायची.

दुसरा आखणीवाला काळुराम. हा पेणचाच, आणि अख्ख्या आळीला ते माहीत आहे, कारण तो गप्प बसेल तर शपथ. गात गात डोळे काढतो, दिवसाला चाळीस. केरूच्या हातून पंचवीस व्हायच्या. काळुरामच्या मूर्ती हसऱ्या, केरूच्या शांत. गिऱ्हाइकांमध्येसुद्धा दोन तट होते. दरवर्षी मंडळाची मोठी मूर्ती कोणी आखायची हे दादा ठरवायचे, आणि तेवढ्यावरून दोघांची चुरस वर्षभर चालायची. काळुरामला मिळाली नाही तर तो डबा न उघडता बसून राहायचा, दादांना टोमणे मारायचा, आणि संध्याकाळी केरूच्याच गळ्यात हात टाकून चहाला जायचा. केरूला मिळाली नाही तर तो पुढची मूर्ती उचलायचा. बस्स.

चार वर्षांपूर्वी काळुरामने आमच्या कारखान्यात ते जपानी आणलं. म्हणजे जपानी कार्टून मालिका, बोलणं हिंदीत. मालिकेचं खरं नाव आमच्यातल्या एकालाही धड उच्चारता आलं नाही, म्हणून ते ‘जपानी’. काळुराम मोबाइल रंगाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि आम्ही काम करता करता ऐकायचो. मान वर करून बघायचो ते मारामारी आली की.

त्यात दोन नायक. दोघे एकाच गुरूचे शिष्य, आणि डोंगरावरच्या देवळाचा राखणदार दोघांतला एकच होणार. एकाचं नाव बानजी. दादांनी एकदा ऐकून त्याचा भानजी करून टाकला, जणू वडखळचा कोणी पाहुणा. हा भानजी खादाड, बडबड्या. कोणता डाव टाकणार ते आधी ओरडून सांगणार आणि मग टाकणार. हरला की रडणार, जिंकला तरी रडणार. दुसरा सुमिओ. त्याचा झाला सुम्या. सगळं सुमडीत करणारा, म्हणून नाव त्याला बरोबर बसलं. सुम्या एका भागात मोजून चार शब्द बोलायचा. लढताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा नाही. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा, जणू तुझ्यात बघण्यासारखं काही नाही.

पहिल्या आठवड्यातच मी जाहीर केलं की काळुराम भानजी आणि केरू सुम्या. सगळे खो खो हसले. काळुराम तर इतका खूश झाला की दिवसभर डाव ओरडून मग ब्रश लावत होता. केरू नुसता हसला. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मग जेवणाच्या सुट्टीत दोन पार्ट्या पडल्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आमच्याकडे एवढी भांडणं होत नाहीत. मी कट्टर सुम्याची. म्हणायचे, बडबड्या माणूस मला घरी आरशात रोज दिसतो, त्याचं काय कौतुक. सुम्याला बघ, दुखलं तरी तोंडातून ब्र नाही. मला खरंच असं माणूस फार मोठं वाटायचं. माझ्या काकाने एक दाढ दुखली तर तीन घरं गोळा केली होती, अशा घरात मी वाढले.

काळुरामचं म्हणणं वेगळं होतं. तोंडात घास घेऊनच तो म्हणायचा, “भानजीला लागलं की सगल्या डोंगराला कळतं. सुम्याला लागलं तर त्याच्या गुरूला पन नाय कळत. मंग त्या गुरूचा उपयोग काय?”

“त्यालाच हिंमत म्हणतात,” मी म्हणायचे.

“त्याला येडेपना म्हनतात.”

एका भागात सुम्याच्या बरगडीत भाल्याचं पातं घुसतं. तो कंबरेचा पट्टा वर ओढून घट्ट बांधतो आणि तीन दिवस दारावर उभा राहतो, कोणाला कळू देत नाही. तिसऱ्या दिवशी कोसळतो. त्या दिवशी कारखान्यात एकही ब्रश हलला नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मी केरूला म्हटलं, “बघ, तुझा सुम्या.”

केरूने विचारलं, “वाचला काय तो?”

मोबाइल त्याच्या डाव्या हाताला होता. सगळे बघत होते आणि हा ऐकत होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी उलट त्याला छेडलं, “एवढं विचारतोस तर सांग, तुला दोघांतला कोण आवडतो?”

तो म्हणाला, “भानजी.”

“अरे, स्वतःची पार्टी सोडून?”

“त्याला काय होतंय ते इचारायला लागत नाय,” केरू म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला. आम्हाला ते गमतीचं वाटलं. काळुरामने टाळी द्यायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला म्हणून आम्ही आणखी हसलो.

त्यानंतर केरूने जे जे केलं ते मी सुम्याच्या नावावर खपवलं. केरूने मोटरसायकल घरी ठेवली आणि एसटीने यायला लागला. मी म्हटलं, सुम्याला खिडकीतून डोंगर बघत यायचं असतं. त्याने माझी सोनेरी रंगाची वाटी दोनदा लाथाडली, तर मी म्हटलं, सुम्या ध्यानात चालतोय, वाट सोडा. चहाचा कप डाव्या बाजूने पुढे केला तर तो घ्यायचा नाही, माणूस कप धरून उभंच. मी कप देणाऱ्याला म्हणायचे, थांब, महाराजांचं लक्ष नाही. किती सोपं होतं ते. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं, म्हणून मला कधी प्रश्नच पडला नाही.

आता नजरेचं सांगते. हे मला सगळ्यात जड जातं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. केरूने हातभर उंचीच्या मूर्तींची एक ओळ आखून ठेवली होती. नजर बघायला मी पाट टाकून बसले. पहिल्या मूर्तीची नजर माझ्या नजरेला येईना. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होती. मी पाट सरकवला. दुसऱ्या मूर्तीसमोर बसले, तिसऱ्या, चौथ्या. सगळ्यांची तीच तऱ्हा. काळुरामच्या हातून असं झालं असतं तर मी तिथल्या तिथे ओरडले असते की बाबा, आखणी चुकली, डोळा सरकलाय. आमच्या धंद्यात ते पोरसवदा माणसालाही कळतं. पण हे केरूचं काम होतं. केरू चुकत नसतो. मी उठले आणि सगळ्यांना हाक मारली.

“अरे या रे, केरूने बाप्पाला सुम्याची तिरपी नजर दिलीय.”

सगळे जमले. एकेक जण पाटावर बसून बघू लागला. खरंच की, म्हणाले. अगदी सुम्याच. काळुरामने नाक मुरडलं, पण तो तर मुरडणारच, प्रतिस्पर्धी ना. केरू मागून आला. मूर्तींकडे वाकून म्हणाला, “कुठं तिरपी हाय?”

“वा रे वा. आमालाच इचार आता,” मी त्याच्या बोलीत त्याला चिडवलं.

तो पाटावर बसला. मान एकदा इकडे, एकदा तिकडे करून खूप वेळ त्या मूर्तीकडे बघत राहिला. मग उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून लाजला. आज मला कळतं की केरूने तो प्रश्न खरोखर विचारला होता. आपली आखणी तिरपी जाते हे त्याला माझ्या तोंडून कळलं, तेही दहा माणसांत, टाळ्या वाजत असताना. त्या वेळी मी फक्त “म्हणजे काय, तुला दिसत नाही?” एवढं विचारलं असतं, अगदी चेष्टेत विचारलं असतं, तरी चाललं असतं.

मी तेवढ्यावर थांबले नाही. गिऱ्हाइकांना सांगत सुटले की हे आमच्या केरूचं खास काम. नागोठण्याच्या एका बाईंना ते फार आवडलं. म्हणाल्या, बाप्पा आपल्या पाठीमागे कोण उभं आहे ते बघतो, घराला राखण. झालं, पुढच्या वर्षी तिरप्या नजरेच्या मूर्ती हव्यात म्हणून लोक विचारत आले. दादांनी केरूला सांगितलं, सगळ्या तशाच कर. केरू म्हणाला, “व्हय.” त्याला तशाच येत होत्या. दुसऱ्या जमतच नव्हत्या.

गेल्या जुलैमध्ये, हंगाम अगदी ऐन भरात असताना, ते घडलं. जेवणं आटोपली होती, भर दुपार, कारखान्यात लख्ख उजेड. केरू हात धुऊन आपल्या जागेकडे निघाला आणि डाव्या बाजूच्या फळ्यांमध्ये सरळ घुसला. अडखळून नाही, घाईत नाही. फळ्या तिथे नाहीतच असा चालत गेला. वरची फळी सुटली आणि अकरा मूर्ती खाली आल्या. सगळ्यांची आखणी झालेली.

पूजा झालेली नसली तरी पेणमध्ये फुटलेल्या मूर्तीसमोर कोणी मोठ्याने बोलत नाही. हैबतदादांनी मात्र त्या दिवशी आवाज चढवला. बारा वर्षांत पहिल्यांदा ते केरूवर ओरडले. केरू गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करू लागला. उजवीकडचे तुकडे त्याने एक न एक उचलले. डावीकडे, त्याच्या गुडघ्याला लागून, एक सबंध सोंड पडली होती. तिच्याकडे त्याचा हात गेलाच नाही.

ते मला दिसलं. आणि तरी मी काय म्हटलं? मी म्हटलं, “राहू द्या त्याला एकटं. सुम्या आहे तो, त्याला कोणी काही विचारलेलं आवडत नाही.”

काळुरामने मला हाताने बाजूला सारलं. “सुम्या गेला खड्ड्यात,” म्हणाला. तो केरूच्या डाव्या अंगाला जाऊन बसला आणि त्याच्या कानाजवळ, डोळ्याच्या बाजूला हात हलवू लागला. केरू तुकडे वेचत राहिला. काळुरामने हात आणखी पुढे आणला. पापणीसुद्धा हलली नाही.

“आरं, याला दिसत नाय,” काळुराम म्हणाला. “दादा, याला या बाजूनी दिसतच नाय.” आणि तो तिथेच बसून हुंदके देऊन रडू लागला. केरू त्याच्या आवाजाच्या दिशेला वळला. हातातले तुकडे त्याने खाली ठेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दादांच्या गाडीतून आम्ही केरूला पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, काळुराम आणि मी. तिथे एका यंत्रात डोकं ठेवायला लावतात. आत पडद्यावर कुठे कुठे उजेडाचे ठिपके येतात, दिसला ठिपका की बटण दाबायचं. मी दाराबाहेर बसले होते. आत गेलेल्या दुसऱ्या पेशंटच्या वेळी बटण टक टक वाजत होतं. केरूच्या वेळी एकदा वाजलं आणि मग कितीतरी वेळ वाजलंच नाही. मी देवाला म्हणत होते, दाब रे बाबा, दाब.

काचबिंदू निघाला. डावा डोळा गेलेला, उजव्याने नळीतून बघावं तेवढंच समोरचं. डॉक्टरांनी घरात कोणाला आहे का विचारलं. केरू म्हणाला, “बाबांचे डोळे गेलेले. पन्नाशीत. आम्ही म्हटलं, वयानी गेले.”

“तुम्हाला स्वतःला कधीपासून जाणवतंय?”

“तीन वर्सं झाली. आधी डाव्या अंगाला धुक्यासारखं होतं. मंग तिकडचं काय दिसंना.”

“तीन वर्सं?” काळुराम खुर्चीतून उठलाच. “तीन वर्सं, आनि तू बोलला नाय?”

डॉक्टर म्हणाले, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. दोन वर्षांपूर्वी आला असता तर पुष्कळ राखता आली असती. दोन वर्षांपूर्वी म्हणजे केव्हा, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी तेव्हा पाटावर बसून सगळ्यांना हाका मारत होते.

ऑपरेशन झालं, थेंब चालू राहिले, पण उशीर फार झाला होता. दिवाळीपर्यंत उजव्या डोळ्याचंही सरत आलं. केरू खांबला घरी राहिला. त्याच्या उरलेल्या मूर्ती काळुरामने आखल्या आणि त्यानंतर तो कारखान्यात एकदाही गायला नाही. रविवारी सुट्टी मिळाली की तो खांबला जाऊन यायचा आणि सोमवारी मला विचारायचा, “तू कधी जाशील गो?” मी म्हणायचे, जाईन, आईला बरं नाही, जाईन, घरी पाहुणे आहेत. खरी गोष्ट एवढीच होती की मला भीती वाटत होती. केरू काय म्हणेल याची नाही. मला काय म्हणावं लागेल याची.

शेवटी जानेवारीत मी एसटीत बसले आणि खांबला उतरले.

अंगणात वालाच्या हिरव्या शेंगांचा ढीग होता. केरू आणि त्याची आई मैनाकाकी शेंगा सोलत बसले होते. केरूची बोटं शेंगेच्या शिवणीवरून जात, शेंग उघडत, दाणे टोपात पडत, आणि किडका दाणा तो बोटांनीच ओळखून बाजूला टाकत होता. मी चप्पल काढली तेवढ्यात त्याने मान वर केली.

“कोन ते?”

“मी. प्रणिता.”

“आरं, प्रणिता. ये ये, बस. आये, पानी आन गो हिला. कशानी आलीस, एसटीनी? नागोठन्याला रस्ता अजून तसाच हाय काय? काळुराम सांगत होता, खड्डे भरले आनि परत निघाले. वाल बघ या वर्साला चांगला आलाय. तू बसलीस काय? तिथं खुर्ची हाय, नायतर इथं सतरंजीवर बस. हैबतदादांचा गुडघा कसा हाय?”

मी बघतच राहिले. बारा वर्षांत केरू माझ्याशी जेवढं बोलला नव्हता तेवढं त्या पाच मिनिटांत बोलला. गावातली लग्नं, शेजाऱ्यांचा बैल, रेडिओवरच्या बातम्या. मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. मी पाण्याचा तांब्या ठेवायला आत गेले तेव्हा मैनाकाकी हळूच म्हणाल्या, “आता गप बसतच नाय. त्याला तरी काय बोलायचं गो. समोर कोन हाय, उठून गेलं, ते बोलल्याबिगर कळत नाय ना त्याला. मी पन घरभर बोलतच फिरते. नायतर आये, कुठं हाईस, आये, कुठं हाईस, असं चालू व्हतं.”

मी बाहेर येऊन त्याच्या समोर सतरंजीवर बसले आणि ढिगातली शेंग उचलली. म्हटलं, आता विचारायचं. म्हटलं, “केरू, तू आम्हाला सांगितलं का नाहीस?”

त्याची बोटं थांबली. “भीती वाटायची,” तो म्हणाला. “बाबांचं बघितलं होतं ना मी. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, हे तेच हाय. डॉक्टरकडं गेलो तर तो तेच सांगेल. नाय गेलो तर नाय सांगनार. आसंच होतं डोक्यात. रोज एसटीत बसलो की म्हनायचो, आज काळुरामला सांगायचं. वडखळ येईस्तवर हिंमत जायची.”

“आणि मी तुला सुम्या सुम्या करत होते.”

“ते बरं होतं गो,” केरू म्हणाला, आणि तो खरंच हसला. “ते नाव तू दिलंस आनि माझं काम सोपं झालं. मानूस गप का हाय ते कोनी इचारीना. सगल्यांना वाटायचं, हा मुद्दाम गप हाय, हिमतीचा हाय. घाबरून गप हाय असं कोनाला वाटलंच नाय. मला पन कधी कधी खरं वाटायचं, की मी तसा हाय.”

मला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर मी रडले असते, पाया पडले असते, माफी मागून मोकळी झाले असते. पण तो माझे आभार मानत होता. ज्या नावाखाली त्याचे डोळे गेले त्याच नावाचे. हातातली शेंग मी नुसती चिरडत बसले.

केरूने माझ्या दिशेला कान केला. मग त्याचा आवाज बारीक झाला. “राग आला काय तुला? काळुराम येतो, बाकी कोन येत नाय. मी काय म्हनत नाय, सगल्यांना कामं आसतात. आता परत हंगामाचं काम चालू होईल तुमचं. पन मधी सवड झाली, तर परत येशील ना गो?”

मी मान हलवली. एकदा हलवली, पुन्हा जोरात हलवली, डोळ्यांतलं पाणी खाली सतरंजीवर पडलं.

केरू शेंग हातात धरून उत्तराची वाट बघत राहिला.